हळदीकुंकू लावलेला पासपोर्ट

कोणाच्या अंगात आलं की मी आधी त्याला रक्तातली साखर तपासायला सांगतो. त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीत मला सत्यनारायणाचं बोलावणंही जरा नाखुशीनेच येतं. तेव्हा हे घाबरवायला लिहीत नाहीये... मला कळलेलं नाही, म्हणून लिहितोय.

धाकटी बहीण वैशाली आखातात असते. पहिलं बाळंतपण, नवरा बोटीवर, घरात दुसरं माणूस नाही. म्हणून आई आणि मी निघालो. आईचा हा पहिलाच विमानप्रवास. निघताना तिने आपला पासपोर्ट देवापुढे उघडून ठेवला आणि हळदीकुंकू वाहिलं — नेमकं फोटोच्या पानावर.

विमानतळावर इमिग्रेशनचं मशीन तो वाचेना. अधिकाऱ्याने पुसला, तर डाग आणखी पसरला.

"मावशी, पासपोर्ट आहे हा. दसऱ्याची गाडी नाही."

शेवटी त्याने नंबर हाताने टाइप केला. आणि थांबला.

"तुम्ही काल गेलात की."

"काल मी घरात लाडू वळी होतंय," आई म्हणाली. "जातलंय खंय?"

खरं होतं. मी समोर बसून खात होतो.

नंबर पुन्हा टाकला. तेच. मग मोठे साहेब आले, आमच्यावर उपकार केल्यासारखी स्क्रीन वळवली. कालचा फोटो, काउंटरच्या कॅमेऱ्यातला. आईच होती — कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारी. बोटांचे ठसे घेतले. कालच्या ठशांशी जुळले. साहेबांचा रुबाब तिथे संपला.

विमानाची शेवटची हाक झाली होती.

"साहेबानू," आई म्हणाली, "माझा चेडू थंय एकटा आसा, बाळंतपणाक."

साहेबांनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. मग "सिस्टिमची चूक असेल," असं स्वतःलाच सांगत त्यांनी शिक्का मारला.

हॉस्पिटलात पोचलो तर वैशालीच्या कुशीत मुलगी. आदल्या दिवशीच झालेली.

"फोन नाही करायचा?" मी विचारलं.

"कोणाला करू? आई इथेच होती ना." मग आईकडे वळून, "चहा आणायला गेलीस ती आत्ता उगवतेस?"

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग बाळ उचलून घेत म्हणाली, "दुकान लांब होता गो."

नंतर मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "माका काय म्हायत? पण बाळंतिणीक कित्याक सांगतलंय, मी नव्हतंय म्हणान?"

आईच्या पासपोर्टवर मुंबईहून निघाल्याचा शिक्का एकच आहे, आम्ही गेलो त्या दिवशीचा. मी तो अनेकदा पाहिला. वैशालीजवळ आदल्या दिवशी कोण बसलं होतं, ते मला अजून माहीत नाही — आणि तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.