बिनआकड्याचा रुपया

कप जरा खाली ठेवा बघू. हे ऐकताना चहा पीत बसलात तर ठसका लागेल, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला खोड आहे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी जे केलं, ते नाकावर भागण्यासारखं नव्हतं!

आमच्या शेजारी गौराक्का राहतात. अक्कलकोटकडच्या. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि रागावल्या की पूर्ण कन्नड. घरात त्या आणि नातू मल्लिनाथ, दोघंच. मल्लूचे आईवडील फार लवकर गेले, अक्कांनीच त्याला वाढवला. त्याचं लग्न होटगीच्या पूजाशी ठरलं, तेव्हा अक्कांपेक्षा माझीच पळापळ जास्त. कुणी सांगितली होती? कुणीच नाही!

साखरपुडा जवळ आला तशी अक्कांनी मला हाक मारली. पदराखालून एक फडकं काढलं, गाठ सोडली. आत चांदीचा जुना रुपया. काळाठिक्कर पडलेला.

"माझ्या सासूनं मला दिल्ता," अक्का म्हणाल्या. "मी सुनेच्या ओटीत घातला. ती गेली, तवा परत माझ्याकडंच आला बघ. आता पूजाच्या ओटीत घालायचा हाय. माझा हात थरथरतोय गं सुमन. तेवढा घासून दे की."

मी रुपया पदरात घेतला. म्हटलं, "देते की अक्का! आरशासारखा करून आणते."

घरी आले, दंतमंजन लावून खसाखसा घासला. काय उजळला म्हणता! एका बाजूला वळणदार, मला न कळणारी अक्षरं. उलटा केला. त्या बाजूलाही तसलीच अक्षरं. दाराशी उजेडात नेला, चष्मा लावला, चष्मा काढला. पण आकडा? आकडा कुठंच नाही! एक नाही, अर्धा नाही, चार आणे नाही. काहीच नाही!

मी तशीच आत धावले.

"अहो, हे नाणं खोटं आहे!"

आमचे हे पेपरातून मान वर न काढता बोलतात. "कशावरनं?"

"किंमतच नाही लिहिलेली!"

"नसंल लिहिली."

"नसेल कशी? शेंगाचटणीच्या पुड्यावर किंमत असते. अहो, गिरणीतल्या कामगाराच्या बिल्ल्यावरसुद्धा नंबर असायचा! आणि हा म्हणे रुपया!"

"मग अक्कांना विचार."

घ्या! अक्कांना काय विचारू? तुमच्या सासूनं तुम्हाला फसवलं, असं सांगू? ज्या रुपयाला त्या जन्मभर कपाळाला लावत आल्या, तो बनावट आहे म्हणू? त्यात पूजाचे मामा चांदीच्या दुकानात कामाला. चारचौघांत त्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, 'हे काय, आजेसासूनं खोटं नाणं दिलं?' तर अक्कांचं तोंड केवढंसं होईल, सांगा बरं!

नाही. मी जिवंत असताना हे होऊ द्यायचं नाही.

आता आपल्याकडं भांडं घेतलं की आधी काय करतो? त्यावर नाव घालून घेतो. तांब्या असो, डबा असो, मशीन फिरल्याशिवाय तो घरचा होतच नाही. मग नाव घालता येतं, तर आकडा का नाही? मी पिशवी उचलली आणि थेट बाजार गाठला.

भांड्यांच्या दुकानाबाहेर रसूलभाई मशीन घेऊन बसतात. आमच्या घरातल्या सगळ्या ताटांवर त्यांचंच अक्षर.

"रसूलभाई, ह्याच्यावर किंमत घाला."

"किंमत? बाई, मी नाव घालतो. किंमत दुकानवाला लावतो."

"घाला हो! राहून गेलीय."

त्यांनी रुपया उलटसुलट करून पाहिला. "पुराना दिखता. कित्ता डालनेका?"

आली का पंचाईत? किती घालायचे? एक म्हणावं, तर एका रुपयात आता लिमलेटची गोळी येते. नव्या नवरीच्या ओटीत गोळी घालणार का?

"शंभर घाला," मी म्हटलं.

"किस काम का है?"

"साखरपुडा आहे. ओटीत घालायचाय."

"फिर नुस्ता शंभर अच्छा नै लगता बाई. ऊपर एक होना."

बघा, केवढा समजूतदार माणूस! शुभकार्यात गोल आकडा कोण देतं? आहेराच्या पाकिटालासुद्धा वरचा रुपया चिकटवलेला असतो. म्हटलं, "घाला एकशे एक!"

घर्रर्र! त्या वळणदार अक्षरांच्या बरोबर डोक्यावर, ठसठशीत '१०१ रु.' शिवाय गिऱ्हाईक जुनं म्हणून शेजारी एक फूल फुकट.

नव्या लाल फडक्यात बांधून मी रुपया अक्कांना नेऊन दिला. त्यांना जवळचं नीट दिसत नाही. त्यांनी तो डोळ्यांना लावला. "लई चकचकीत केलीस गं पोरी." मी मनात म्हटलं, अक्का, तुमची अब्रू वाचवली. पण मी बोलून दाखवणारी नव्हे!

साखरपुडा झाला. अक्कांनी पूजाच्या ओटीत रुपया घातला, पूजा पाया पडली, आणि मामा पुढं सरकले. "बघू बघू, जुना दिसतोय."

मी पदर सावरून ऐटीत उभी.

मामांनी रुपया फिरवून पाहिला. "अक्का, लई जुना रुपया हाय हा. हे बघा, राजाचं नाव." मग त्यांचं बोट थांबलं. "पण हे एकशे एक काय हाय?"

सगळे रुपयाकडं वाकले. आणि माझं तोंड गप्प बसेल तर ना!

"किंमत आहे ती," मी म्हटलं. "आधी नव्हतीच लिहिलेली. उगाच कुणी खोटा म्हणायचं, म्हणून मीच घालून आणली!"

मामांनी डोळे मिटून घेतले. "वहिनी, ह्या जुन्या राजांच्या रुपयावर किंमत नसायचीच."

"का? लिहायला विसरायचे?"

"विसरतील कशाला? चांदी हीच त्याची किंमत. वजन करायचं, कस बघायचा, कुठल्या राजाचा ते बघायचं. एका गावात पुरा चालायचा, दुसऱ्या गावात त्याच रुपयाला बट्टा लावून कमी द्यायचे. भाव असा हलता असल्यावर आकडा कुठला लिहिणार? आता नाणी जमवणारे ह्याला चांगले पैसे देतात..." फुलावर अंगठा घासत म्हणाले, "म्हणजे, दिले असते."

माझी ऐट तिथंच उतरली. अक्कांकडं पाहिलं, तर त्यांची हनुवटी थरथरत होती. तीन बायकांचा जपलेला ठेवा, आणि मी त्याच्यावर फूल काढून आणलं! मला रडूच फुटलं. "अक्का, मला वाटलं लोक तुम्हाला हसतील..."

अक्कांनी मामांच्या हातातून रुपया काढून घेतला. "इकायचा हाय कुणाला?" त्या म्हणाल्या. "सासूनं दिला, तवा मी इचारलं न्हाय केवढ्याचा. सुनेनं बी इचारलं न्हाय." अंगठ्यानं तो आकडा चाचपत राहिल्या. "आमच्या तिघींचा हात फिरलाय ह्याच्यावर. आता ह्या सुमनचा बी फिरला. असू दे."

आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता ह्याही रडणार. कसलं काय! तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"अय्यय्यो सुमन! माझी सासू असती तर म्हणली असती, माझा रुपया नुसता एकशे एकाचा केलास व्हय गं!"

मामा हसले, मल्लू हसला, पूजानं रुपया मुठीत घट्ट धरला आणि तीही हसली. मी रडता रडता हसले. माझं काय, मला दोन्ही एकदम जमतं.

लग्न झालं. परवा पूजा वाटीभर हुग्गी घेऊन माझ्या दारात आली. गव्हाची खीर हो ती, अक्कांच्या हातची. मी वाटी घेतली, म्हटलं, "ये की आत. बस. वाटी उद्या देते घासून."

पोरगी उंबऱ्यातच उभी. "नको काकू. आज्जी म्हणल्या, उभ्याउभ्या रिकामी करून घेऊन ये."

"का गं? एवढी काय घाई?"

तिनं ओठ दाबले, पण हसू काही दाबलं गेलं नाही.

"आज्जी म्हणल्या, वाटी त्यांच्याकडं मुक्कामाला ठेवू नको. सकाळी किंमत लिहून येती!"