नामहेकरणीच्या हातची भवानी

नामहेकरीण बाजारात शिरली की गल्लीतल्या बायका एकमेकींवर ओरडायला लागायच्या. "ताई, आज माझ्याकडे!" "काल तुझ्याकडे झाली ना गं? आज इकडे!" बुसानच्या बंदरामागच्या त्या बाजारात सगळ्यांना ठाम माहीत होतं, की सकाळची भवानी नामहेकरणीच्या हातची झाली तर माल दुपारपर्यंत संपतो. तिचं खरं नाव क्वाक जमसुन, पण नामहे बेटावरून लग्न होऊन आली तेव्हापासून त्या नावाने तिला फक्त पोस्टमनच हाक मारायचा.

तीही काही कमी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, बायकांना जरा ताटकळत ठेवायची, आणि मग एकीकडे वळायची. एखादा मुळा घ्यायची, नाहीतर मूठभर सुकी मासळी. तिने दिलेल्या नोटेवर विकणारी थू थू करायची, ती कपाळाला लावायची आणि एप्रनच्या खिशात पार तळाशी खोचायची. शाळा धड झाली नाही, नोकरी केली नाही, आधी नवऱ्याच्या नावाने आणि आता मुलाच्या नावाने ओळखली जाणारी बाई. पण हा हात तिचा स्वतःचा होता. जगात एवढी एकच गोष्ट माझी आहे असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घरी मात्र या हाताला काम उरलं नव्हतं. सून हेरिन दातांच्या दवाखान्यात नोकरीला होती. रात्री झोपताना ती मोबाइलवर बोट फिरवायची आणि पहाटे दारात खोकी हजर. दूध, अंडी, धुऊन निवडलेला पालक. उरलंसुरलं रविवारी मोठ्या स्टोअरमधून, ढकलगाडी भरभरून. सासूबाई खोकं उघडून नाक मुरडायच्या. "हा पालक आहे की दवाखान्यातून सुटून आलाय?" हेरिन नुसती हसायची. मुलगी गुणी होती. फक्त बाजारात कधी गेली नव्हती, कारण तिथे आपल्याला सगळे फसवतील अशी तिची पक्की समजूत.

किमची घालायचे, म्हणजे ऐन थंडीत उघड्यावर बसून कोबीचं लोणचं घालायचे दिवस आले. नामहेकरणीने सुनेसाठी मालनामच्या दुकानातून फुलाफुलांचं, कापूस भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट आणलं. मालनाम ही तिची जुनी मैत्रीण. मोजे, पायजमे आणि असली जाकिटं विकायची. जाकीट झालं ढगळ. हेरिनला वाटलं, आईंना कशाला पुन्हा हेलपाटा, कामावर जायच्या आधी आपणच बदलून आणू. चांगल्या मनाने गेली हो पोर! मोठ्या स्टोअरमध्ये माल परत घ्यायला वेगळा काउंटर असतो, तिथली मुलगी वाकून नमस्कारही करते. भवानी व्हायच्या आधी नेलेला माल परत आणणं म्हणजे दुकानदाराच्या अख्ख्या दिवसावर पाणी ओतणं, हे तिला सांगणार कोण?

"जरा लहान मापाचं मिळेल का?" तिने गोड आवाजात विचारलं.

मालनाम नुकतं शटर वर करत होती. तिने आधी जाकिटाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "अजून भवानी नाही झाली आणि परत करायला आलीस? कुठून उगवलीस गं सकाळी सकाळी? चल, हो चालती!" एवढं बोलून ती थांबली नाही. शेजारच्या मासेवालीच्या डब्यातलं मूठभर मीठ उचललं आणि इडापिडा घालवायला फेकतात तसं पाठमोऱ्या हेरिनवर फेकलं.

हेरिन तशीच घरी आली. "आई, मी काय भूत आहे का हो?" तिला रडू आवरेना.

खरं सांगायचं तर नामहेकरणीला आधी मालनामचंच बरोबर वाटलं. भवानीच्या आधी माल परत? लाज कशी वाटली नाही! पण सुनेला पुढ्यात बसवून तिच्या केसांतले मिठाचे खडे वेचायला लागली, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या घरातल्या माणसावर मीठ टाकते काय! उद्या बघतेच तिला."

"तुम्ही काही बोलू नका," हेरिन डोळे पुसत म्हणाली. "मी परत त्या बाजारात पाय ठेवणार नाही. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी नामहेकरीण निघाली ती वाटभर भांडण घोकत. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, पण कुणी हाकच मारली नाही. सगळ्या बायका मालनामच्या दुकानापुढे जमल्या होत्या. तिला बघताच मालनामने तिचा हातच धरला.

"ताई, ऐक तरी काय झालं! काल एका पोरीवर मीठ टाकलं. ती गेली न गेली तोच चर्चच्या बायकांची बस आली. गोरगरिबांसाठी किमची घालायला निघाल्या होत्या, सगळ्यांना सारखी जाकिटं हवी! दुकान रिकामं झालं गं. माझ्या अंगातलं होतं तेसुद्धा काढून विकलं!"

"त्या पोरीचा पायगुण," मासेवाली म्हणाली.

"पायगुण कसला, माझ्या मिठाचा गुण!"

"मीठ माझं होतं, विसरू नकोस."

सगळ्या खो खो हसल्या. मालनाम मात्र गंभीर झाली. "सगळ्या गल्लीत विचारलं, पोर कुणाची ते कुणालाच माहीत नाही. सापडली तर पाय धरीन. ताई, तुझा हात चांगलाच आहे, पण असा दिवस मी जन्मात पाहिला नव्हता."

नामहेकरणीने आपला हात सोडवून घेतला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आपण इथे उभ्या आहोत आणि एकीलाही आपला हात नको, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. पोर कुणाची हे एकट्या तिलाच माहीत होतं. तोंड मिटून बसलं की झालं. हेरिन काही परत यायची नाही, चार दिवसांत या बायका विसरतील, आणि पुन्हा सगळ्या ताई, ताई करत मागे लागतील. याहून मोठ्या गोष्टी तिने आयुष्यात पोटात ठेवल्या होत्या. पण माझ्याच घरातल्या माणसाचं कौतुक चाललंय आणि मी चोरासारखं ऐकत उभं राहायचं? छे! ते तिला जमेना.

"माझी सून आहे ती," ती म्हणाली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "आणि तिच्या केसांतलं तुझं मीठ मी वेचलंय, कळलं?"

मालनामचं तोंड पांढरं पडलं. "अगं आई गं! ताई, मला काय माहीत!"

"माहीत नसलं म्हणजे कुणाच्याही लेकीवर मीठ टाकायचं? शनिवारी घेऊन येते तिला. आधी माफी, मग धंदा."

हेरिन यायला तयार होईना. "अगं, तुझ्यावर मीठ टाकणारी बाई भर बाजारात तुझ्यापुढे वाकणार," सासू म्हणाली, "आणि तू घरी बसणार? मी तर तिकीट काढून बघायला गेले असते." तेव्हा कुठे हेरिनला हसू आलं.

शनिवारी मालनाम कमरेत वाकली. हातात लहान मापाचं नवं जाकीट. ती फुकट द्यायला निघाली होती, पण हेरिन ऐकेना. तिने कार्ड पुढे केलं.

"कार्ड नको गं बाई! भवानीला नोट लागते!"

हेरिनच्या पर्समध्ये एक नोट असेल तर शपथ. नामहेकरणीने आपल्या खिशातली कोरी नोट काढली. क्षणभर ती तिच्या बोटांतच राहिली. मग तिने ती सुनेच्या हातावर ठेवली आणि वरून तिची बोटं मिटली. "दोन्ही हातांनी दे," ती हळूच म्हणाली. मालनामने थू थू केलं, नोट कपाळाला लावली, आणि गल्लीत एकच गलका उठला. "पोरी, आता इकडे ये!" "आधी माझ्याकडे गं!"

हेरिन भांबावली. "आई, कुणाकडे जाऊ?"

"जी ओरडत नाहीये तिच्याकडे."

हेरिन कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या शेपूवालीकडे गेली, आणि तिच्या मागून हळूहळू सगळ्या गल्लीचे धंदे सुरू झाले. सून पुढे आणि आपण मागे, असं नामहेकरणीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मासेवालीकडे तिचा नंबर दुसरा लागला.

तिने एक बांगडा उचलला, हुंगला आणि खाली ठेवला. भवानी करणाऱ्याने भाव करायचा नसतो, समोरची सांगेल ते मुकाट द्यायचं असतं. इतकी वर्षं ही बाई जिथे गेली तिथे पहिलीच, त्यामुळे तिला गल्लीत सगळ्या गरीब गाय समजायच्या.

"केवढ्याला म्हणालीस?" तिने बाह्या वर सारल्या. "एवढ्या पैशांत बांगड्याने स्वतः चालत माझ्या घरी यायला पाहिजे! आणि हा डोळा बघ याचा. याने समुद्र शेवटचा कधी पाहिला?"

मासेवालीने आ वासला. "ताई, असं तर तू कधीच बोलत नव्हतीस!"

"बोलायची सोय कुठे होती गं मला?" नामहेकरीण म्हणाली, आणि स्टूल ओढून ऐसपैस बसली.