हरणाचं नाणं

पहिल्या पगारातून मायसाठी कानातले घ्यायला मी इतवारीच्या सराफ्यात गेलो होतो. घराण्यातला पहिला बी.ए., म्हणून एका सोनाराच्या दुकानात जरा ताठच बसलो होतो. शेजारी एक म्हातारा येऊन बसला. त्याने धोतराच्या सोग्यातून सोन्याचं नाणं काढलं. त्यावर पळणारं हरीण होतं. तो अंगठ्याने हरणाची पाठ पुसत राहिला.

असली परदेशी सोन्याची नाणी घरात ठेवायला तेव्हा बंदी होती. सोनाराने उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

"दुबईहून पोरानं आणलं गा," म्हातारा म्हणाला. "दर सालाले एक आणीन म्हणे. भाव वाढून राहिला, बाबा, विकू नका म्हणे."

दुसरं नाणं आलंच नाही. पोरगा तिकडेच कामावर मेला, प्रेतही घरी आलं नाही. आता सून कायमची माहेरी चालली होती आणि म्हातारा आपणहून तिला अर्धं सोनं देत होता.

सोनाराने कातर उचलली. "दोन तुकडे करून देतो, काका."

म्हाताऱ्याने नाण्यावर पंजा ठेवला. "कापू नको गा. वितळव, आन् दोन गोळ्या कर."

"काहून? मंग हरीण थोडंच राहते?"

"नाही राहिलं तं नाही. पोराले अग्नी द्याचं माह्या हातून राहून गेलं. याले तरी देतो."

नाणं घातलेली मूस भट्टीत गेली तेव्हा तो टोपी काढून उभा राहिला. गोळ्या गार झाल्यावर त्या सोग्यात बांधून निघाला. मसणातून परतताना माणसं मागे पाहत नाहीत, तसंच त्यानेही पाहिलं नाही.

त्या भट्टीपाशी दागिना घ्यायला माझं मन होईना; कानातले न घेताच मी घरी आलो.