‘सब्जेक्ट’ नावाचा कप्पा

१९९९ च्या दिवाळीनंतर बोईसरच्या एका रसायन कारखान्यात बॉयलरवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराची नोकरी संपली. त्याला कायम करावे अशी शिफारस कारखान्याने वेळेत पाठवली होती. मुंबईच्या मुख्य कचेरीत ती वेळेत पोचलीही होती. ती कोणी उघडली नाही.

मी तेव्हा त्याच कारखान्यात हिशेबनीस होतो. कामगार दातिवऱ्याचा, मच्छीमार घरातला. बोईसरला भाड्याच्या खोलीत एकटा राही. कायम झाला की बायको-मुलीला आणायचे ठरले होते. त्यासाठी कंत्राटाची मुदत संपण्याआधी मुंबईचा होकार हवा होता.

ईमेल नवा होता आणि मुंबईच्या संगणक विभागप्रमुखाचा त्याच्यावर माणसांपेक्षा जास्त भरवसा होता. त्याने एक नियम बसवला. मेलच्या विषयात पहिल्या कोलनच्या आधी जो शब्द असेल, तो संगणक उचलेल आणि मेल त्या नावाच्या कप्प्यात टाकेल. तसा कप्पा नसेल तर नवा उघडेल. विषयाची सुरुवात खात्याच्या नावाने करा, असे परिपत्रक आले. नवे कप्पे कोण पाहणार, हे त्यात नव्हते.

आमच्या पर्सोनेल अधिकाऱ्याने परिपत्रक वाचले, सही करून फायलीला लावले. मग आयुष्यभर अर्जांवर लिहीत आला होता तेच त्याने विषयाच्या चौकटीत आधी लिहिले : ‘सब्जेक्ट’, पुढे कोलन. खात्याचे नाव त्यानंतर. याची गरज नाही, असे टायपिस्टने सांगून पाहिले.

“अर्जाची एक पद्धत असते,” तो म्हणाला. “आपण काय चिठ्ठी पाठवतोय?”

संगणकाने नेमून दिलेले काम केले. ‘सब्जेक्ट’ नावाचा कप्पा उघडला. तो कोणत्याच खात्याचा नव्हता. उत्तर आले नाही. मुंबईच्या बाबतीत त्यात नवल नव्हते.

कामगार अधूनमधून विचारायला येई. एकदा कागदात बांधून सुके बोंबील घेऊन आला. अधिकाऱ्याने ते खणात ठेवले.

“मुंबईचा काय आला का, साहेब?”

“अरे, मेल आहे तो, टपाल नव्हे. दोन मिनिटांत पोचतो.”

“पोचला, मंग वाचीत नाय का कोण?”

“तुझ्यापेक्षा शिकलेली माणसं बसलीत तिथे.”

“त्यांना वाचता येते, तं हाय. वाचतात का, ते इचारतो.”

टेबलावर फोन होता. फोन केला तर मुंबईवाले आपल्याला मागासलेले समजतील, हे अधिकाऱ्याने आम्हाला जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितले.

मुदत संपली. शिफारस आलेली नाही, असे मुंबईने कळवले. अधिकाऱ्याने मेल पाठवल्याचा छापील कागद पुढे केला आणि स्वतःपुरता सुटला. विभागप्रमुखाने यंत्रणेत दोष नसल्याचे लेखी दिले. ते खरे होते. पुढे मुंबईच्या संगणकातली साठवणीची जागा भरली म्हणून त्याची सफाई झाली, तेव्हा तो कप्पा सापडला. आमच्या पर्सोनेल खात्याचे तोवरचे सगळे मेल त्यात न उघडता पडले होते. बॉयलरवर एव्हाना दुसरा माणूस घेतला होता. जुन्या शिफारशीचा फेरविचार करण्याची तरतूद नाही, असे उत्तर आले. अधिकाऱ्याने ते कामगाराला गेटवरच्या रखवालदाराकरवी कळवले.

महिनाअखेरीस कामगाराने खोली सोडली.