श्याम सरांची पिचर

बेसबॉल खेळतो म्हटलं की जळगावात लोक श्यामला विचारायचे, "ते ठीक आहे, पण नोकरीचं काय?" त्याचं उत्तर ठरलेलं: खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात. राज्याच्या संघात तो पिचर होता, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि टाकायचा असा की भल्याभल्यांची बॅट नुसती हवेत फिरायची. एकोणिसाव्या वर्षी निवड सामन्यात त्याचं कोपर ठणकायला लागलं. त्याला खेळ शिकवणाऱ्या गुरुजींनी विचारलं, "दुखतंय का रे?" गुरुजींपुढे रडगाणं गायची आपल्याकडे रीत नाही. तो "नाही" म्हणाला, अजून दोन डाव टाकले, आणि कोपर कायमचं गेलं. पोलिसातल्या नोकरीची आशाही गेली.

मग बी.पी.एड. झालं आणि कतार. अल गराफातल्या एका भारतीय शाळेत श्याम सर चार वर्षं मुलींना बेसबॉल शिकवतायत. करार दरवर्षी नवा. यंदा प्रिन्सिपल हसत हसत म्हणाले होते, "कप आणा, मग इन्शाल्ला पुढचं बघू." करार गेला की व्हिसा गेला. बायको मृणालिनी, अल मन्सूरातल्या दोन खोल्या, सगळंच आवरायचं.

फायनलच्या सहाव्या डावात त्यांची पिचर आसावरी उजवं कोपर चोळायला लागली. वय चौदा. सर जवळ गेले. बाकावर हिबा तयार बसली होती. तीही बरी टाकायची, पण आसावरी ती आसावरीच.

"दुखतंय का?"

"नो सर."

हे 'नाही' कसलं असतं, ते त्या मैदानावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "टाक मग," म्हणाले आणि मागे फिरले. एका धावेने कप आला.

सोमवारी करारावर सही झाली. गुरुवारी आसावरीला घेऊन तिची आई घरी आली, हातात पेढ्यांचा डबा. "सरांच्या पाया पड गं."

आसावरी वाकली. डावा हात पुढे आला. उजवा मुडपून पोटाशीच राहिला.

"अगं, डाव्या हाताने पाया पडतात का? वळण म्हणून नाही!" आई ओशाळली.

आसावरीने मान वर करून सरांकडे पाहिलं. सर आता तरी सांगतील, असं तिला वाटलं असावं.

"असू द्या मॅडम, लहान आहे," श्याम सर म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.