उत्तर येईपर्यंत कॉफी नको

आमच्या यजमानांचा एक विचित्र नेम आहे. कुणासाठी शब्द टाकायला गेले, की उत्तर मिळेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात बसायचे तेव्हा आमच्या समाजातली निम्मी माणसं यांच्याकडे यायची. कुणाच्या मुलीचं लग्न मोडायला आलेलं, कुणाला कॉलेजात सीट हवी, कुठं भावाभावांत अबोला. हे चपला घालून निघायचे. एकदा लग्नाच्या बोलणीला मीही बरोबर गेले होते. मुलाच्या आईनं फिल्टर कॉफी आणून ठेवली, तिच्यावर साय धरली, ती बिचारी "अहो, घ्या की" म्हणून थकली. हे म्हणाले, "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. उत्तर आलं की घेतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर पडल्यावर मी चांगलीच भांडले. तर म्हणाले, "अगं, घोट पोटात गेला की जीभ जड होते. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. आणि ज्याच्यासाठी जायचं त्याच्याकडचंही काही घ्यायचं नाही, नाहीतर ती दलाली झाली." तेव्हापासून मी यांना उपाशी वकील म्हणते.

आता दुकान माझे दीर बघतात आणि आम्ही दोघं मारतहळ्ळीत राहतो. वरच्या खोलीत तीन वर्षांपूर्वी एक मुलगी भाड्यानं आली. तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, तिची आई अजून तिथंच आहे. वाळूचा, तेलाचा आणि राजाचा देश, एवढं पुरे. तिथं मुलीला परदेशी शिकायला जायचं तर घरातल्या पुरुषाची परवानगी लागते. बाप वारलेला. थोरल्या भावानं परवानगी दिली आणि ती फार्मसी शिकायला बेंगळुरूला आली.

खरं सांगते, मी आधी नकोच म्हणत होते. परक्या मुलखातली पोर, काय खाते, काय पिते, कोण बघणार! पण महिन्याभरात ती मला अक्का आणि यांना अण्णा म्हणायला लागली, आणि भाजीवाल्याशी "स्वल्प कम्मी माडी", थोडं कमी करा, म्हणून माझ्यापेक्षा चांगली घासाघीस करायला लागली. घरात आम्ही मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी आणि असलं कन्नड मिसळून बोलायचो. कुणाचं काही अडायचं नाही.

दर रविवारी ती लांब चोचीच्या किटलीतून तिच्याकडची कॉफी खाली आणायची. पिवळसर, वेलदोड्याची, बिनसाखरेची, बिनकानाच्या इवल्याशा कपात. मला तर काढाच वाटला. यांना मात्र आवडायची. ती दरवेळी विचारायची, "अण्णा, कडू आहे?" हे तोंड वाकडं करून म्हणायचे, "स्वल्प," आणि कप पुन्हा पुढं करायचे. मग दोघंही हसायची.

मग तिच्या त्याच थोरल्या भावाला पकडलं. काय केलं होतं त्यानं? फोनवर, सगळ्यांना दिसतील अशा चार ओळी लिहिल्या होत्या. माझ्या बहिणीला शिकायचं असेल तर माझी परवानगी कशाला हवी, धर्मात हे कुठं सांगितलंय ते मोठ्या धर्मगुरूंनी दाखवावं. बस्स, एवढंच! त्याला मरणाची शिक्षा सुनावली. ती जिन्यावर बसून हे सांगत होती आणि माझ्या हातातलं पाखडायचं सूप तसंच राहिलं. चार ओळींना मरण? मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं समजले.

त्या रविवारी ती सवयीनं कॉफी घेऊन आली, तर यांनी हात आडवा केला. "आता नको. तुझ्या भावाचं काही उत्तर आलं की पिईन." मी ओळखलं, उपाशी वकील कामाला लागले.

पण शब्द टाकायचा कुणाकडे? त्या राजाकडे आपली कोण ओळख! शेवटी मुलीनंच सांगितलं, की एक मोठा पाश्चात्त्य देश त्या राजाचा जुना दोस्त आहे, त्याला विमानं आणि दारूगोळा तोच देतो, आणि त्या देशाचं एक कार्यालय आपल्या शहरात आहे. हे तिला घेऊन तिथं गेले. उन्हाचे दिवस, बाहेर रांगेत उभं राहावं लागलं. आत एका तरुण गोऱ्या अधिकाऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि पाण्याची बाटली पुढं केली. हे म्हणाले, "पाणी नको, उत्तर द्या." तो गोंधळलाच म्हणे. मग म्हणाला, आमचे नेते लवकरच स्वतः तिथं जाणार आहेत, तुमचा विषय आम्ही त्यांच्यापर्यंत पोचवू.

घरी आल्या आल्या हे तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "शब्द मिळाला." मलाही खरं वाटलं. का वाटू नये? जगभर माणसांच्या हक्कांची भाषणं करणारा देश. तो सांगेल आणि राजा ऐकणार नाही, असं कसं होईल? मी देवापुढं साखर ठेवली.

तो नेता तिथं गेला त्या संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीपुढं बसलो. विमान उतरलं, गालिचा अंथरला, राजानं त्याला मिठी मारली. मोठ्या दिवाणखान्यात सोनेरी खुर्च्यांवर दोघं बसले, आणि तश्शीच लांब चोचीची किटली आली. तस्साच इवलासा कप. हे खुर्चीत पुढं सरकले. "घेऊ नकोस," हे टीव्हीला म्हणाले. "अरे बाबा, आधी विचार, मग घे."

त्यानं घेतला. हसत हसत प्यायला आणि कप पुन्हा पुढं केला.

मुलगी जमिनीवर बसली होती. तिथूनच म्हणाली, "आमच्याकडेही तुमच्यासारखंच आहे, अण्णा. काही मागायला आलेला माणूस कप खाली ठेवतो, पीत नाही. मग घरचा मालक विचारतो, तुझं काम काय? होईल म्हणाला, की मगच पाहुणा पितो. यानं कप नुसता खाली ठेवला असता तरी राजाला कळलं असतं."

बातम्यांत सांगत होते, विमानांचा मोठा सौदा झाला, जुनी मैत्री आणखी घट्ट झाली, सर्व विषयांवर मोकळेपणानं चर्चा झाली. माझं डोकं फिरलं. टीव्हीकडे बघून तोंडाला येईल ते बोलले. नावडत्या देशात बाईवर जुलूम झाला की केवढं आकांडतांडव करतात मेले, आणि इथं मिठ्या! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मुलगी उठली आणि मला पाणी आणून दिलं. तिनं मला पाणी द्यावं, याची लाज वाटून मी टीव्ही बंद केला.

हे पुन्हा त्या कार्यालयात गेले. दारावरचा रखवालदार अदबीनं म्हणाला, "अपॉइंटमेंट इल्ला सर," आणि आत सोडलंच नाही. फोन केला तर एक बाई म्हणाली, तुमच्या विषयाची नोंद घेतली आहे. नंतर फोनही कुणी उचलेना. ज्या माणसानं चिकपेटेत मोडलेली लग्नं जुळवली, तो दिवसदिवस खिडकीशी बसून रिंग रोडची वाहनं बघायचा. मी काय करणार होते? दोन घास जास्त करून वर पाठवायची. पोर ते खायची, भांडं घासून परत आणायची आणि अभ्यासाला बसायची. शेजारीण म्हणाली, तुम्हाला कशाला नसती पंचाईत! तिच्याशी मी अजून बोलत नाही.

पावसाळा संपताना एका सकाळी ती किटली घेऊन खाली आली. रविवार नव्हता. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, त्यामुळं मला आधी कळलंच नाही. तिनं यांच्यापुढं कप ठेवला आणि भरला.

"आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "काल झालं. त्याला आमच्या ताब्यातही देणार नाहीत. कुठं पुरलं तेही सांगत नाहीत."

मी तिला जवळ घ्यायला गेले, तर तिनं हातानंच मला थांबवलं. तिचं लक्ष यांच्याकडे होतं.

"उत्तर आलं, अण्णा. आता प्या."

यांनी माझ्याकडे बघितलं. घ्या म्हणू की नको म्हणू, मला सुचेना. यांनी दोन्ही हातांनी कप उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"कडू आहे?" तिनं विचारलं.

"स्वल्प," हे म्हणाले.