आडवं सरकणारं पान

देवळाली प्रवरेला आमची उसाची रोपवाटिका आहे. आमची म्हणजे रोपं मी आणि कामावरच्या बायका करतो, आणि मालक म्हणून माझे यजमान मिरवतात. उसाचा एकेक डोळा ट्रेमध्ये लावायचा, जपायचा आणि रोप वेळेत विकायचं. वेळ टळली की मुळ्या ट्रेमध्येच गुंडाळतात, पानं पिवळी पडतात, मग फुकट दिलं तरी कोणी नेत नाही. त्या हंगामात शेडनेट भरून रोपं तयार होती आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

मी म्हटलं, रस्त्याला पाटी लावा, खाली फोन नंबर घाला. पण यजमानांना वेबसाइट हवी होती. केडगावच्या एका वेबसाइटवाल्याने आपल्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर त्यांना नमुना दाखवला. ते पान वर-खाली जायचंच नाही. माऊस उजवीकडे नेला की सगळं आडवं, अलगद सरकायचं आणि माऊस थांबला तरी थोडं पुढे जाऊन हळूच थांबायचं. "एकदम स्मूथ," तो म्हणाला. यजमान बराच वेळ माऊस इकडून तिकडे नेत बसले. शेतात पाणी भरताना इतकं मन लावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग पानावर काय घालायचं ते ठरलं. रोपं घालावीत असं मला वाटत होतं, पण मला काय कळतंय. आधी रोपवाटिकेच्या उद्घाटनाला आलेल्यांचे फोटो, फ्लेक्सवर लावतात तसे मानाने. पहिले साखर कारखान्याचे चेअरमनसाहेब, पानभर. मग संचालक, सरपंच, माजी सरपंच आणि रुसायला नकोत म्हणून नणंदेचे यजमान. या सगळ्यांनी त्या दिवशी शाल घेतली, नारळ घेतला. रोप एकानेही घेतलं नाही.

"आन् आपली रोपं? नंबर?" मी विचारलं.

"हायेत की शेवटाला," यजमान म्हणाले. "माऊस नेला की येतंय समदं."

"शेतकऱ्याच्या मोबाईलला माऊस कुठं असतो?"

वेबसाइटवाला समजुतीने हसला. "वहिनी, मोबाईलचं आपण पुढच्या टप्प्यात बघू." रोपांनी तोवर काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही.

यजमानांनी लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली. मी माझ्या फोनवर उघडून पाहिली, तर चेअरमनसाहेब हात जोडून उभे. बोटाने डावीकडे ढकललं, उजवीकडे ढकललं, साहेब हलेनात. यजमानांना दाखवलं, तर ते वेगळ्याच काळजीत. माजी सरपंचांनी पान कॉम्प्युटरवर पाहिलं होतं आणि त्यांची तक्रार आली होती की आपला फोटो फार लवकर निघून जातो. त्यांच्यापाशी पान जरा रेंगाळावं म्हणून यजमानांनी केडगावला खेप घातली. पाटीचं नाव काढलं की म्हणायचे, आता पाटी लावली तर लोक हसतील.

मी रोज सकाळी एखादं रोप ट्रेमधून उपसून मुळ्या बघायची. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

एका दुपारी कोल्हारकडे निघालेला एक टेम्पो आमच्या दारात थांबला. मागे उसाची रोपं, हिरवीगार, दुसऱ्याच्या रोपवाटिकेतली. उन्हात सुकू नयेत म्हणून शेतकऱ्याला त्यांवर पाणी मारायचं होतं. मी पाइप दिला. आत नजर गेली तसा तो चपापला.

"तुमच्याकडं बी रोपं हायेत व्हय?"

"वेबसाइट हाय आमची," यजमान म्हणाले आणि त्याला फोनवर दाखवू लागले.

"ही व्हय? ही म्या उघडली हुती ग्रुपवर. नुसता साहेबांचा फोटो. म्हनलं इलेक्शनचं कायतरी हाय, दिलं बंद करून."

त्याच्या रोपांवरून पाणी निथळत होतं. आमची पिवळी पडलेली त्याच्या मागेच होती. आता तरी यांना कळेल, असं वाटून मी यजमानांकडे पाहिलं.

यजमानांनी विचारलं, "पन साहेब नीट दिसत हुते ना?"